खाली थांबणाऱ्याने काय करायचं? भंडारदऱ्याच्या एका कौटुंबिक मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी गावकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तंबू लावून पर्यटकांची सोय करायला सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावं पाण्याभोवती वसलेली आहेत आणि त्यांना जोडणारा रस्ता जलाशयाला वळसा घालतो. या काठावरच्या एका तंबूवाल्या जोडप्याला मी मुक्कामाचं नियोजन करून देते. कोण येणार, किती वयाचं, कुठे जायचं म्हणतात, हे आधी फोनवर विचारून दिवसांची आखणी करायची, एवढं माझं काम. इथे मांडलेलं प्रकरण एका कुटुंबाच्या दोन रात्रींच्या मुक्कामाचं आहे. ते निवडलं, कारण डोंगरातल्या तंबूवर कुटुंब आलं की जी ओढाताण होते ती सगळी यात आहे.

कुटुंब पुण्याचं, माणसं आठ. बहात्तर वर्षांच्या आजी, त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. थोरला मुलगा आणि सून, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. धाकटा मुलगा आणि सून, त्यांची पाच वर्षांची मुलगी. डिसेंबरमधली शुक्रवार ते रविवार अशी सुट्टी, स्वतःच्या दोन गाड्या.

त्यांच्याकडे यादी तयार होती. शुक्रवारी पोचल्यावर रंधा धबधबा आणि अम्ब्रेला फॉल. शुक्रवारी मध्यरात्री निघून कळसूबाईवर सूर्योदय. शनिवारी दुपारी रतनगड. रविवारी सांदण दरी, अमृतेश्वर, घाटघरचा कोकणकडा आणि परत. यादीतली एकही जागा चुकीची नव्हती. हा परिसर अशा जागांनी इतका खच्चून भरलेला आहे की माणसाला यादी आवरत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला मी त्याबद्दल दोष देणार नाही.

अडचण दोन गोष्टींत होती. पहिली साधी, घड्याळाची. रतनगडाला वर जायला धडधाकट माणसाला तीन-चार तास लागतात, उतरायला अडीच-तीन. रात्रभर कळसूबाई करून आलेल्या पायांनी दुपारी रतनगड चढायला घेतला तर शिडीपाशीच अंधार होणार. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुसरी अडचण जास्त खोल होती. या यादीत आजी कुठेच नव्हत्या. पाच वर्षांची मुलगीही नव्हती. कळसूबाई, रतनगड, सांदण या तिन्ही ठिकाणी त्या दोघी आणि त्यांना सांभाळणारं आणखी कोणीतरी "खाली थांबणार" असं गृहीत धरलेलं होतं. म्हणजे दोन दिवसांतला बहुतेक वेळ आठातल्या तीन माणसांनी गाडीत बसून काढायचा.

म्हणून या कामात मी प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारते: ज्याला चढायचं नाही, त्याच्यासाठी तिथे काय आहे? ठिकाण किती प्रसिद्ध आहे, फोटो कसा येतो, हे नंतर.

एकेक ठिकाण तपासून पाहिलं तेव्हा

रंधा आणि अम्ब्रेला फॉलपासून सुरुवात केली, कारण तिथे निर्णय सोपा होता. रंधा हा प्रवरेवरचा धबधबा, सुमारे 170 फुटांवरून घळीत कोसळणारा. कुटुंबाने फोटो पाहिले होते ते ऑगस्टचे. पावसाळा सरला की रंध्यावर किती पाणी पडणार हे धरणातून किती सोडलंय आणि वीजनिर्मितीकडे किती वळवलंय यावर ठरतं. अम्ब्रेला फॉल तर धरणाच्या भिंतीखालीच आहे. वरून सोडलेलं पाणी गोलसर खडकावरून पसरून पडतं, म्हणून ती छत्री दिसते. पाणी सोडलं नाही तर तिथे नुसता खडक. डिसेंबरच्या मुक्कामात या दोन्हींसाठी संध्याकाळ राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. रंधा परतीच्या वाटेवर, वेळ उरलाच तर, असं ठरवलं.

पाण्याचं हे गणित मी मुलांना मुद्दाम सांगते. विल्सन धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते नाव आलं. दगडी भिंत सुमारे 82 मीटर उंच, साठा जवळजवळ 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट. पाऊस पडतो तो इथल्या डोंगरांवर, आणि ते पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं. तिकडचा ऊस, तिकडचे साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. जलाशयाकाठच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला मात्र अजूनही पावसाच्या भातावर आणि नागलीवर वर्ष काढणं येतं. तंबूचा धंदा इथे का उभा राहिला, पैसा गावातच का राहायला हवा, याचं उत्तर त्यात आहे. मुक्कामाला येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

कळसूबाईचा प्रश्न अवघड होता. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चौदा वर्षांच्या मुलीने या सहलीला होकार दिला होता तोच कळसूबाईसाठी. शिखर यादीतून काढलं असतं तर तिची सहल तिथेच संपली असती. पण वरच्या प्रश्नाला कळसूबाई उत्तर देत नाही. पायथ्याच्या बारी गावात देवीचं मंदिर आहे, चहा-नाश्त्याची घरं आहेत, पण सहा तास काढता येतील असं आजींसाठी तिथे काही नाही.

रतनगड याच्या उलट. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर आहे, पुष्करणी आहे, सावली आहे. चढणारे वर गेले तरी थांबणाऱ्यांचा दिवस वाया जात नाही. फक्त अख्खा दिवस लागतो, आणि कळसूबाई धरल्यावर तो उरत नव्हता. रतनगड गेला, रतनवाडी राहिली.

सांदण मधोमध कुठेतरी. साम्रदच्या पठारात जमीन दुभंगल्यासारखी ही घळ आहे. दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फुटांच्या भिंती, काही ठिकाणी इतक्या जवळ की दोन्ही हात पसरले की टेकावेत. पुरी उतरायची तर दोर, प्रशिक्षित माणसं आणि खाली कोकणात मुक्काम लागतो. पण तोंडापासून आत साचलेल्या पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन परतणं मोठ्या मुलांना जमतं. गावापासून तोंडापर्यंतची चाल सपाट, पुढे दगडधोंडे. पावसाळ्यात तिथे पाय टाकायचाच नाही, सगळ्या पठाराचं पाणी त्या घळीतून धावतं.

घाटघर मात्र खणखणीत उतरलं. गाडी जवळपास कड्यापर्यंत जाते. तिथून सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळ तिथलीच. आठही जण एका जागी, एका वेळी.

नव्याने घडी कशी बसवली

तंबूवाल्या दादांशी बोलून आराखडा केला तो असा. शुक्रवारी पोचल्यावर कुठेही जायचं नाही. शनिवारी पहाटे कळसूबाई, फक्त चढणाऱ्यांनी. उरलेल्यांनी बारीला जायचंच नाही, तंबूवर राहायचं. दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र. संध्याकाळी सगळ्यांनी घाटघर. रविवारी सामान आवरूनच निघायचं: साम्रद, मग रतनवाडी, मग मुतखेलवरून शेंडी आणि राजूरमार्गे घर. म्हणजे जलाशयाचा वळसा एकाच दिशेने पुरा होतो आणि त्या दिवशी एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. हा वळसा चाळीसेक किलोमीटरचा, पण रस्ता वळणाचा आणि मध्ये खराबही, त्यामुळे अंतर पाहून वेळ काढायची नाही. डिझेल घोटी किंवा राजूरलाच भरून घ्यायचं.

थोरल्या भावाचा दोन गोष्टींना विरोध होता. एक, "पहिली संध्याकाळ नुसती तंबूवर बसून घालवायची?" दुसरं, कळसूबाईचा सूर्योदय शिखरावरूनच पाहायचा होता. शनिवार-रविवारच्या रात्री कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांग लागते. अंधारात, थंडीत, अनोळखी गर्दीत मुलांना शिडीवर उभं ठेवणं दादांना पटत नव्हतं. त्यांनी सुचवलं की साडेपाचला चढाई धरा, सूर्य उगवेल तेव्हा निम्म्या वाटेवर मोकळ्या धारेवर असाल, पूर्व उघडीच आहे. शेवटी आजी म्हणाल्या, "सूर्य काय, दिसेल तिथून दिसेल. पोरांना उजेडात न्या." विषय संपला.

नऊ वर्षांच्या मुलाचं काय करायचं हा खरा पेच होता. बहीण जाणार तर मीही जाणार. त्याच्या आईला भीती वाटत होती. नऊ वर्षांची पुष्कळ मुलं कळसूबाई चढतात, गावातली तर सहज, पण हा मुलगा चारमजली जिन्यापलीकडे कधी चढलेला नव्हता. तेव्हा दोन अटी घातल्या. बारीतला एक वाटाड्या तरुण फक्त त्याच्यासाठी घ्यायचा. आणि सकाळचे नऊ वाजले की तो जिथे असेल तिथून परत, शिखर कितीही जवळ दिसत असलं तरी. हे त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरवलं. मुलांना वेळेची अट कळते. डोंगरात ऐनवेळी "आता पुरे" म्हटलेलं त्यांना कळत नाही.

शुक्रवार

संगमनेर-अकोले मार्गे येताना अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींच्या देवस्थानात थांबून आजींचं दर्शन झालं, राजूरला पेढे घेतले, आणि साडेतीनच्या सुमाराला ती मंडळी तंबूवर पोचली. ज्या संध्याकाळीबद्दल तक्रार होती तीच पुढे सगळ्यांत जास्त आठवणीत राहिली.

डिसेंबरात जलाशय बऱ्यापैकी भरलेला असतो. पाणी तंबूंच्या पुढच्या बांधाच्या थोडं खाली होतं. इथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला पहिल्या पाच मिनिटांत सांगावी लागते: काठ उथळ दिसतो म्हणून पाण्यात उतरायचं नाही. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध आहेत, पायरी संपावी तसा तळ अचानक सुटतो, आणि खाली चिखल आहे. पोहता येणारी माणसंही त्यात अडकतात. मुलांसाठी दादांनी काठावर दोन खुंट्या ठोकून दोरी लावलेली आहे, तिच्या अलीकडे खेळायचं. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगावर घालून, बंद लावून. मांडीवर ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

पाच वर्षांच्या मुलीने दोरीअलीकडच्या चिखलात धरण बांधलं. थोरल्या काकांनी तिला सांडवा काढून दिला आणि दोघांचा तासभर त्यात गेला. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता, आणि खंड्याने दोनदा सूर मारला. जेवणात नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, ठेचा, शेवटी भात. आजींनी भाताचा घास घेऊन विचारलं, "हा कुठला तांदूळ?" तो काळभात होता, या भागातलं जुनं वाण. त्यावरून तंबूवाल्या मावशींनी कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट काढली. याच तालुक्यातल्या त्या शेतकरी बाईंनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. आजींचं माहेर मावळातलं, भाताच्याच मुलखातलं. दोघी बायका बियाणं, राब (रोपांसाठी जमीन भाजणं) आणि आवणी (भातलावणी) यांवर बोलत राहिल्या ते तंबूत थंडी शिरेपर्यंत. इथे डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. जाड पांघरूण आणि कानटोपी हवीच.

जेवणानंतर दादांनी सगळे दिवे घालवले. हे मी सगळ्या तंबूवाल्यांना सांगत आले आहे: रात्रीचं आकाश ही इथली सर्वांत मोठी बघण्यासारखी गोष्ट आहे, तिला पैसे पडत नाहीत, चालावं लागत नाही, आणि आजी-नात शेजारी पडून ती बघू शकतात. पूर्वेला मृग वर चढत होता, त्याच्या पुढे लालसर रोहिणी, डोक्याकडे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांमध्ये चांदण्या किती दिसतात यावरून मुलांची पैज लागली. थोरलीला सहा दिसल्या, धाकट्याला नऊ. आजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि त्यांना धुकंच दिसलं, पण मृगाचा बाण त्यांनी अचूक दाखवला. मोठ्या आवाजाची गाणी या तंबूवर लावू देत नाहीत. 1986 मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा परिसर आहे. आवाजाचा त्रास शेजारच्या तंबूला होतो तसा रानालाही होतो.

शनिवार

कळसूबाईला चौघं गेली: थोरला भाऊ, त्याची दोन्ही मुलं आणि धाकटी सून. ती रोज पळणारी, तिचा दम सगळ्यांत चांगला. बारीहून वाटाड्या सोबत. चढताना त्याने मुलांना कळसूची गोष्ट सांगितली, ती इथे सगळ्यांना पाठ असते. कळसू ही कोळ्याची पोर, एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे फार आले आणि तिला ती कामं करायला लावली. तिने भांडी घासली, केर काढला आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. वाटेतल्या एका जागी तिने थाळा घासला म्हणतात, तिला थाळेमेळ हे नाव आहे. चौदा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट फार आवडली. एवढ्यावरून घर सोडलं का, हे ती वाटाड्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि तो म्हणाला, "शब्द दिला होता ना तिला."

सूर्योदय त्यांना धारेवर मिळाला. शिड्यांपाशी आदल्या रात्री चढून गेलेले लोक उतरत होते आणि वाऱ्याचा जोर वाढला होता. नऊच्या थोडं आधी नऊ वर्षांचा मुलगा शिखराखालच्या विहिरीपाशी पोचला. तिथून शेवटचा टप्पा समोर दिसतो. त्याच्या पायात गोळे आले होते. वाटाड्याने घड्याळ दाखवलं, मुलाने ते मान्य केलं, आणि काकूबरोबर तो तिथूनच उतरायला लागला. बहीण आणि वडील वर देवळापर्यंत जाऊन आले. मुलगा रडला नाही असं नाही. उतरताना अर्धी वाट तो गप्प होता. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता, तरी त्याची हळहळ खरी होती आणि कोणी ती हसण्यावारी नेली नाही. दुपारी आजींनी त्याला जेवताना विचारलं, "विहिरीत पाणी होतं का रे?" वर गेलेल्या दोघांनी विहिरीकडे पाहिलंही नव्हतं. त्याने मात्र सगळं सांगितलं.

खाली थांबलेल्यांचा शनिवार कसा गेला, या अभ्यासाचा गाभा तोच आहे. आजी, थोरली सून, धाकटा मुलगा आणि छोटी. त्यांना कुठेही नेलं नाही. मावशींच्या ओट्यावर जातं आहे, त्यावर नागली दळायची होती. छोटीने खुंटा धरला, मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला आणि जातं फिरलं. पाळीतून तांबूस पीठ पडू लागल्यावर तिने हात सोडून खाली वाकून पाहिलं, पीठ कुठून येतं ते. मग जात्याच्या तोंडात नागलीची मूठ घालायची आणि फिरवायचं, पुन्हा वाकून बघायचं. आजी शेजारी खुर्चीवर बसून ओव्या म्हणत होत्या. एक ओवी त्यांची, एक मावशींची. थोरली सून पलीकडे पाण्याकाठी पुस्तक घेऊन बसली. दोन मुलांची आई झाल्यापासून सकाळ अशी मिळाली नव्हती, असं तिने नंतर फोनवर सांगितलं. धाकटा भाऊ दादांबरोबर होडीतून मासे बघायला गेला.

हे सगळं तंबूवर आधीपासूनच होतं. बहुतेक तंबूवाल्यांना ते पाहुण्याला दाखवण्यासारखं वाटत नाही, कारण ते त्यांचं रोजचं काम आहे. आणि पाहुणा यादी घेऊन आलेला असतो, तो ओट्यावर टेकतच नाही. आमच्या तंबूवर आता सकाळचं एखादं घरकाम मुद्दाम पाहुण्यांच्या वेळेला ठेवतात. पावसाळ्याआधी आले तर राब भाजणी, आषाढात आवणी, दिवाळीच्या आसपास भात कापणी आणि झोडणी. त्याचा वेगळा दर लावावा की नाही यावर दादा आणि मी अजून एकमतावर आलेलो नाही. मी लावावा म्हणते. मावशींचे दोन तास त्यात जातात.

संध्याकाळी घाटघर. कड्यावर सगळे पाऊणएक तास होते. कठड्याच्या आत, मुलं हाताला धरून. नऊ वर्षांच्या मुलाची कळी इथे खुलली, कारण घाटघरचा वीज प्रकल्प. वरचं धरण घाटघरला, खालचं कोकणात शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ, मधली उतरण चारशे मीटरहून जास्त. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज करायची, मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. 125 मेगावॅटची दोन यंत्रं, एकूण 250. पाणी वर चढवायला वीज जास्त लागत असेल ना, हा प्रश्न त्याने स्वतःहून काढला. लागते. तरी ज्या वेळी वीज स्वस्तात पडून असते तेव्हा वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी वापरायचं, यासाठी तो सगळा खटाटोप. ज्या मुलाचं शिखर सकाळी हुकलं होतं तो परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांना पंप समजावून सांगत होता.

रविवार

सामान गाडीत टाकून मंडळी दहाच्या आत साम्रदला पोचली. वेळ मुद्दाम तशी धरलेली. सांदणच्या तळाला ऊन पोचतं ते डोक्यावर सूर्य आल्यावरच. सकाळी लवकर गेलं तर आत काळोख आणि गारठा.

आजी गावात थांबल्या, मावशींच्या नात्यातल्या एका घरी. हे आधी फोन करून ठरवलेलं, चहा-जेवणाचे पैसे ठरवून. नुसतं "कोणाच्या तरी ओसरीवर बसवू" असं केलं की घरच्यांनाही संकोच आणि पाहुण्यालाही. छोटी घळीच्या तोंडापर्यंत गेली, भिंतींकडे बघून तिने आईला उचलून घ्यायला लावलं आणि तिथूनच मागे फिरली. मोठी दोन्ही मुलं गावातल्या वाटाड्याबरोबर पहिल्या पाण्यापर्यंत गेली, मुलगा मांडीपर्यंत भिजला. पाणी इतकं थंड की पाय बधिर होतात. दुसरं पाणी जास्त खोल, तिथे कोणी गेलं नाही. सांदणमध्ये हेल्मेट घालायलाच लावावं. वरच्या भिंतीवरून दगड सुटतात, आणि वर पठारावर चालणाऱ्यांना खाली माणसं आहेत हे दिसत नाही.

रतनवाडीला पोचेपर्यंत दीड वाजला. अमृतेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं मानलं जातं. शिखर भूमिज घाटाचं, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचत वर गेलेल्या. पावसाळ्यात गाभाऱ्यातली पिंड पाण्यात बुडते. गाभारा सखल आणि आत उजेड कमी, तेव्हा गुडघ्याचा त्रास असणाऱ्याने एकट्याने उतरू नये. आजींनी चौकट धरली, नातीने दुसरा हात धरला, दर्शन झालं. मग त्या पुष्करणीच्या कठड्यावर बसल्या आणि मुलांनी कोनाड्यांतल्या मूर्तींमधला गणपती शोधून काढला. वर रतनगड दिसत होता, माथ्याजवळचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, ओळखू येत होतं. थोरल्या मुलीने तिथेच जाहीर केलं की पुढच्या वेळी हाच. मग खाली थांबणाऱ्यांची सोय आधीच झालेली असेल.

जाताना मुतखेलच्या पुढे धरणाच्या भिंतीजवळ थोडं थांबणं झालं. रंध्याला थांबले, पाणी बारीक धारेइतकं होतं, पंधरा मिनिटांत निघाले. देवगाव या तालुक्यातलंच, राघोजी भांगरे यांचं गाव. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठाव करणाऱ्या राघोजींना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. गाडी त्या गावाकडे वळवायला वेळ उरला नव्हता, तरी दादांनी निरोप देताना मुलांना हे सांगितलं. आपल्या माणसाची ओळख पाहुण्याला करून दिल्याशिवाय ते कोणालाच जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

काय हाती लागलं, काय बाकी आहे

मूळ यादीतलं रतनगड गेलं, अम्ब्रेला फॉल गेला, शिखरावरचा सूर्योदय गेला. कुटुंब विभागलं ते दोनदाच, शनिवारी सकाळी आणि साम्रदला तासा-दीड तासासाठी. दोन वाटाडे, साम्रदचं एक घर आणि तंबूवालं जोडपं, असे पैसे चार ठिकाणी गावात राहिले.

हीच आखणी मेच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला चालणार नाही. तेव्हा काजव्यांसाठी गर्दी लोटते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात, आणि ती लुकलुक ही नर-मादीची खूण असते. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या त्यात खोडा घालतात, म्हणून रात्रीच्या प्रवेशावर वन विभागाचे निर्बंध असतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी यावं आणि तंबूच्या आसपासची झाडंच पाहावीत. त्याच वेळी जलाशय तळाला गेलेला असतो, काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि मुलांची दोरी दर आठवड्याला पुढे सरकवावी लागते.

दोन गोष्टी या मुक्कामातही सुटल्या नाहीत आणि अजून सुटलेल्या नाहीत. शनिवारी रात्री छोटीला ताप भरला. औषध जवळ होतं, सकाळपर्यंत उतरलाही, पण गरज पडली असती तर राजूरपर्यंत अंधारात गाडी काढावी लागली असती आणि वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. काठावरच्या तंबूवाल्यांनी मिळून शनिवार-रविवारच्या रात्री एक गाडी आणि चालक तयार ठेवावा, खर्च तंबूंच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. दुसरी गोष्ट शौचालयाची. साम्रदला आजींना ज्या घरी थांबवलं ते घर निवडण्याचं पहिलं कारण तिथे कमोड आहे हे होतं. घाटघरच्या कड्यावर आजी पाऊण तासच थांबल्या त्याचंही कारण तेच. बाया, म्हाताऱ्या आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या कुटुंबाने आपला रस्ता त्यावरूनच आखावा लागतो, तेव्हा जलाशयाच्या वळशावर शौचालय वापरू देणाऱ्या घरांची यादी, त्यांच्या दरासह, आम्ही आता गावागावांतून गोळा करत आहोत.